कटिंग कॉफी

"काजू आहेत?"

मे महिन्यात आमच्या दुकानात शिरणारा चाकरमानी सहसा हाच प्रश्न आधी विचारतो. नाहीत म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. सावंतवाडीत दुकान, पाटीवर ‘गिफ्ट’ लिहिलेलं, आणि काजू नाहीत? मग विकता तरी काय? मी लाकडी फळांची परडी पुढे करते. आंबा, केळी, सीताफळ, वांगं, मिरच्या, सगळं चितार आळीतल्या कारागिरांच्या हातचं. तो त्यातला आंबा उचलतो आणि नाकाशी नेतो. अगदी शिकलेली माणसंसुद्धा नेतात. रंगाचा वास येतो, तरी दुसऱ्या बाजूनेही हुंगून बघतात. मग खरा हापूस आणि काजू कुठे मिळतील ते विचारतात. मी चार दुकानं पुढचा पत्ता सांगते. तिथला मालक मला अधूनमधून ओल्या काजूगरांची पुडी देतो, ते कमिशन समजायचं की शेजारधर्म, हे मी ठरवलेलं नाही.

खरं म्हणजे कोकणात भेटवस्तूंचं दुकान काढणं ही थोडी आगाऊपणाचीच गोष्ट. इथे भेट विकत घ्यायची रीत नव्हती. परसात जे लागलं ते उचलून न्यायचं. उन्हाळ्यात फणस, पावसाळ्यात तवशी, एरवी नारळ आहेतच. सुरंगीचा वळेसर, सोलांची पुरचुंडी, काही नाहीच तर अळवाची पानं. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही आणि त्यांचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, एवढ्या दोन कलमांवर सगळा व्यवहार चालायचा. आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याचं परस सुटलं तो माणूस. तो मुंबईहून येतो, भावाच्या घरी उतरतो, भावाच्या पोरांसाठी काहीतरी न्यायला हवं म्हणून आमच्याकडे येतो आणि जाताना त्याच भावाच्या परसातला फणस गाडीच्या डिकीत घालून नेतो. फायद्यात कोण राहतं ते सांगायला नको.

हे सगळं आमच्या सासूबाईंना धंद्यात पडण्याआधीच ठाऊक होतं. दुपारी घरात कंटाळा येतो म्हणून आई दुकानात येऊन बसतात, आणि बसतात त्या नेमक्या गल्ल्याशेजारी. गिऱ्हाइकाची चौकशी त्यांच्याकडे असते. "खंयचे तुमी?" इथून सुरुवात होते आणि दोन मिनिटांत त्या बाईचं माहेर, मामा आणि मामाचं जमिनीचं भांडण बाहेर येतं. एवढी ओळख निघाल्यावर आईंना तिचे पैसे खर्च होताना बघवत नाहीत. मी सातशे रुपयांचा लाकडी पाळणा कागदात गुंडाळायला घेतलेला असतो आणि आई तिच्याकडे झुकून सांगतात, "ह्यां नको घेव गो, महाग आसा. घराकडे ये, फणस देतंय." असा विक्रेता व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण ती बाई पुढच्या वर्षी न चुकता येते, आईंची चौकशी करते आणि पाळणा घेते. त्यामुळे मी गप्प बसायला शिकले आहे.

या धंद्याने माणसांबद्दल जे शिकवलं त्यातलं बरंचसं किमतीच्या लेबलाभोवती आहे. बहुतेक जण म्हणतात, "लेबल काढा हं." काही जण लेबलाकडे बघतही नाहीत, म्हणजे ते राहावं अशी इच्छा असते. वस्तू खरोखरच भारी असते तेव्हा असं होतं. पूर्वी ही सगळी गुप्तता निभावता यायची. आता गल्ल्यावर ती छोटी पेटी बसली आहे, पैसे आले की मोठ्याने ओरडणारी. एकदा एक गृहस्थ पुतणीच्या लग्नासाठी फोटोफ्रेम घेत होते आणि मागच्या टेबलावर (आमच्याकडे कॉफीही मिळते) नेमके मुलीचे मामा कोल्ड कॉफी पीत बसले होते. फोन काढता काढता गृहस्थांची नजर पेटीवर गेली. त्यांनी फोन खिशात घातला, पाकीट काढलं आणि दीडशे रुपये रोख, टेबलाच्या आडून, माझ्या हातात दिले. ऑनलाइन व्यवहार वाढावेत म्हणून झटणाऱ्यांना या अडचणीची कल्पना नसावी.

भिंतीवरच्या घड्याळांचं तर स्वतंत्र चक्र आहे. लग्नात पाच-सहा घड्याळं येतात, घराला भिंती चारच. उरलेली कपाटावर जातात आणि पुढच्या लग्नसराईत आमच्याकडे येतात, "फक्त पॅक करून द्या" म्हणून. एकदा खोका उघडला तर आत आमच्याच दुकानाचा चंदेरी कागद घडी घालून ठेवलेला. मी काही बोलले नाही. डॉक्टर जसा रुग्णाचा आजार बाहेर बोलत नाही, तसं पॅकिंग करणाऱ्याने खोक्यातलं बोलायचं नसतं. कागद नवा लावला, रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढून कुरळी केली आणि वीस रुपये घेतले. त्या घड्याळाने मला आत्तापर्यंत नफाच दिला आहे.

संक्रांत ते रथसप्तमी हा मात्र आमचा खरा हंगाम. हळदीकुंकवाचं वाण. अटी ठरलेल्या: वस्तू पंधरा रुपयांच्या आत हवी, उपयोगी हवी, पन्नास नग हवेत, आणि "वेगळं काहीतरी" हवं. म्हणजे शेजारणीने गेल्या वर्षी जे लुटलं ते नको. मी गाळणी दाखवली की कळतं, ती तीन वर्षांपूर्वी झाली. चमचा झाला, साबणदाणी झाली, सुईदोऱ्याची डबी तर दोघींनी एकाच वर्षी दिली आणि त्यावरून अजून बोलणं बंद आहे. कुठल्या आळीत कुठल्या साली काय लुटलं गेलं याची एक वही मी आता ठेवते. गावच्या इतिहासाला पुढेमागे उपयोगी पडेल.

राहिली कॉफी. ती माझ्या नवऱ्याची कल्पना. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तो गावी आला तेव्हा त्याच्या डोक्यात ते इटालियन यंत्र होतं. नऊ बार दाब, पंचवीस-तीस सेकंद, आणि खाली तीसेक मिलिलीटर दाट एस्प्रेसो. त्याने पहिला कप मोठ्या प्रेमाने आईंपुढे ठेवला. आईंनी कपात डोकावून बघितलं, एक घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "ह्यां औषध दिवसातसून किती वेळा घेवचां?"

गावानेही साधारण तोच निकाल दिला. मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये इंडिया कॉफी हाऊस निघालं, पण कॉफीची ती लाट आमच्यापर्यंत काही आली नाही. इथे माणूस चहा पितो. कॉफी पाहुणे आले की, किंवा डोकं दुखलं की. पलीकडेच चहाची टपरी आहे आणि तिच्याशी स्पर्धा करणं आम्ही केव्हाच सोडून दिलं आहे. सकाळी तळ्याला फेऱ्या मारून आलेली मंडळी आमच्या पंख्याखाली बसतात आणि टपरीवाल्याला हाक मारून चहा मागवतात. तो बिचारा संकोचाने किटली घेऊन येतो, आणि आला की मलाही एक कटिंग ठेवून जातो. मी तो यंत्राच्या मागे उभी राहून पिते. त्याच्या आल्याच्या चहाला खरोखर तोड नाही, आणि दुकानाच्या मालकिणीला हे उघड म्हणता येत नाही.

कॉलेजची मुलं कोल्ड कॉफी घेतात. एक ग्लास, तीन नळ्या, दोन तास. आमच्याकडे कटिंग कॉफी मागणारी पहिली पिढी हीच. गरम कॉफीला मागणी येते ती पावसाळ्यात, आंबोलीच्या धबधब्याखाली भिजलेले पर्यटक घाट उतरून कुडकुडत येतात तेव्हा. त्या वेळी त्यांना एस्प्रेसो काय, काढाही चालला असता. पण नेमकी तेव्हाच लाईट जाते. मग यंत्र गप्प, आणि नवरा गॅसवर पातेलं ठेवून घरगुती कॉफी उकळतो, वर जायफळ किसून. तीच लोकांना सर्वांत जास्त आवडते, हे त्याला मी अजून स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नाही. पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. शुभेच्छापत्रं वाफेने पापडासारखी वळतात आणि बरणीतल्या कॉफीच्या बिया दमट होतात. मंगळूरच्या बाजूला बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवतात आणि ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणून परदेशी पाठवतात. आमच्या बियांवर तो संस्कार फुकट होतो, फक्त नाव कुणी देत नाही.

दुकानातली सर्वांत देखणी वस्तू सर्वांत कमी खपते. गंजिफा. हाताने रंगवलेली गोल पानं. दशावताराच्या संचात १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. ही कला इथे जवळजवळ विझली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कारागीर राजवाड्यात बसवून ती पुन्हा उभी केली. आजही तळ्याकाठच्या त्या वाड्यात पानं रंगवताना बघता येतात. हे सगळं मी गिऱ्हाइकाला मन लावून सांगते. एका पर्यटक बाईंनी तर ऐकता ऐकता समोरचं नमुन्याचं पान जवळ ओढलं आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला. तो मत्स्यावताराचा वजीर होता. बाई फार ओशाळल्या. मी म्हटलं, असू दे, मत्स्याला ओलाव्याचं काय! त्यानंतर गंजिफाच्या चित्रांचे खरेच कोस्टर आणून ठेवले. ते हातोहात जातात. मूळ पानं कपाटात.

खेळतात कसे, असं विचारणारेही असतात, पण उत्तर संपेपर्यंत थांबणारे विरळा. पाच रंगांत दहाचं पान मोठं, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळ रामाच्या रंगाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. इथपर्यंत आलं की समोरच्याला बस गाठायची असते.

थांबले ते फक्त दोघे. एक निवृत्त मास्तर, एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गेल्या पावसाळ्यात काही काम नव्हतं म्हणून ते खेळ शिकले आणि आता रोज दुपारी कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. गोल पानं पिसता येत नाहीत, कापडावर उलटी पसरून कालवावी लागतात. मास्तरांना कुठल्या रंगात एक्का मोठा ते पाठ, कंडक्टरांना कुणाची किती पानं गेली ते. अडचण एवढीच की खेळाला तिघं लागतात, चाळीस-चाळीस पानं. तिसऱ्या जागी त्यांनी नवऱ्याला बसवून बघितलं, तो यंत्राकडे बघत राहायचा. मला गल्ला सोडता येत नाही. शेवटी आईंनी खुर्ची सरकवली.

आई जिंकतात. रोज. कोणतं पान कुणाकडे आहे हे त्यांना कसं कळतं ते मास्तरांना कळत नाही. मला वाटतं, जमिनीच्या भांडणातली कोणाची बाजू कुठे अडकली आहे हे ज्यांना आयुष्यभर लक्षात ठेवावं लागलं त्यांना १२० पानं म्हणजे काहीच नाही. हरणाऱ्याने तिघांची कॉफी द्यायची असा नियम आहे. तिघांची म्हणजे एक, तीन कपांत. काल मास्तर हरले. त्यांनी फोन काढला, पेटी ओरडली, "चालीस रुपये प्राप्त हुए."

आईंनी हातातली पानं खाली ठेवली. इतके दिवस हरणारा कॉफीचे पैसे रोखच द्यायचा.

"एका कॉफीचे चाळीस?" त्यांनी विचारलं, तेही मास्तरांना. मग उठून पदर सावरला, खिडकीतून टपरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून तेच्या बाकार बसूया."