अक्षरे : निरंक

(रंगमंचावर टेबल. त्यावर तांबड्या बांधणीची कीर्दवही आणि पिवळ्या फ्लेक्सची गुंडाळी. पेंटर येतात, नमस्कार करतात.)

रसिकहो, ज्या कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री नावाच्या कलावंताने असे पडदे रंगविले, की लोकांनी त्यांचे मूळ आडनाव बाजूस ठेवून त्यांना बाबूराव पेंटर केले, आणि ज्यांनी पुढे १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढून त्या आडनावाचे सार्थक केले, त्याच नगरीत आमचे तीर्थरूप आबा यांनीही पन्नास वर्षे पाट्या रंगवून तेच आडनाव संपादन केले. फरक एवढाच, की आबांचा चित्रपट निघाला नाही, दुकान निघाले.

आबांच्या जमाखर्चात अक्षरांवर कधी एक पैही पडली नाही. खडूत घोळलेला दोरा फळीवर ताणून टिचकी मारली की शिरोरेषेची जागा ठरे, खाली ब्रश फिरे, आणि ‘ळ’च्या दोन पोटांवर मालकीहक्क कोणाचा, अशी पृच्छा करणारी नोटीस आल्याचे आमच्या दप्तरात नमूद नाही.

मी संगणक घेतला. आता अक्षरे पेनड्राइव्हमधून येतात. पेनड्राइव्ह मित्राचा, मित्राला तो मेहुण्याने दिलेला, आणि मेहुण्याला कोणी दिला हे विचारणे सभ्यतेस धरून नसते. त्यात चारशे फॉन्ट, वाढदिवसाच्या बॅनरच्या पीएसडी फाइली, सोनेरी चौकटी आणि डरकाळी फोडणारे सहा वाघ, असा ऐवज होता. त्यामुळे दर मार्चअखेर आमच्या सौभाग्यवती, ज्यांच्याकडे अर्थखाते लग्नापासून तहहयात आहे, त्या फ्लेक्स, रेडियम, शाई, लोखंडी फ्रेम अशा बाबींपुढे रकमा मांडून ‘अक्षरे’ या बाबीपुढे सुवाच्य हस्ताक्षरात लिहीत : ‘निरंक’.

पुढे २०२२ साली सरकारने कायदा दुरुस्त करून दुकानाच्या पाटीवरचे मराठी अक्षर इतर लिपीहून लहान असता कामा नये असे फर्माविले, २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि मराठीला बरे दिवस आले असे समजून मी अर्थखात्याकडे अर्ज गुदरला, की यंदा अक्षरांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी.

“अहो, अक्षरं काय मंडईत मिळत्यात व्हय?” अर्ज निकाली.

(गुंडाळी हातात घेतात.)

त्याच आठवड्यात चाकूसुऱ्यांना धार लावणारे एक गृहस्थ आले. सहा बाय तीनचा फ्लेक्स, पिवळी जमीन, काळे अक्षर. मॅटर एका ओळीचे : ‘सुऱ्यांना धार लावून मिळेल’. आता ‘सुऱ्या’तला ‘र’ हा ‘य’च्या डाव्या अंगास पापणीसारखा बसतो. मराठी मनुष्याला तो विनासायास दिसतो; पण मेहुण्याच्या फॉन्टमध्ये ती पापणीच नव्हती. त्याने ‘र’ उचलून रफार म्हणून डोक्यावर ठेवला. बोर्ड चढला. (गुंडाळी उलगडतात.) वाचा. ‘सुर्यांना धार लावून मिळेल’.

पहिली तक्रार एका निवृत्त गुरुजींची. सूर्याला धार लावण्याबद्दल त्यांचा आक्षेप नव्हता. ते म्हणाले, “सूर्यातला सू दीर्घ असतो.”

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक स्वतः हजर. हातात सुरी. ती नमुन्यादाखल आणली असावी, असा मी उदार अर्थ लावला.

त्या रात्री मी शोध घेतला, तेव्हा कळले, की मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी ‘मुक्ता’, ‘मोदक’ अशी देवनागरी अक्षरे घडवून सर्वांस मोकळी केली आहेत. धंद्यासाठीही वापरावीत, परवान्याचा एक रुपया नाही. मी ही वार्ता सौभाग्यवतींना दिली.

“फुकट? मग तरतूद कशाची?”

तरतूद अशी, की माझ्या संगणकावरचे जुने सॉफ्टवेअर ही युनिकोड अक्षरे पाहिली की भांबावते आणि ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’च्या मागे नेऊन टाकते. सबब नवे सॉफ्टवेअर. ते जुन्या विंडोजवर चालत नाही, सबब नवी विंडोज. ती या यंत्राला झेपत नाही, सबब नवे यंत्र. फुकट अक्षराचे एकंदर अंदाजपत्रक बहात्तर हजार चारशे. सौभाग्यवतींनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही कमी रक्कम आहे का म्हणून.

आबा कोपऱ्यातून हे सारे ऐकत होते. सकाळी पुन्हा आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी विचारले, “सुरीला धार हाय न्हवं?” आणि तीच सुरी मागून घेऊन, रेडियमच्या कतरणीतून नखाएवढी पिवळी चकती कापून रफारावर चिकटविली, काळ्या तुकड्यातून पापणी कोरली, चष्मा कपाळावर सारला, श्वास रोखला आणि ती ‘य’च्या डाव्या खांद्याला अशी लावली, की अक्षराने डोळा मिचकावल्यासारखे वाटले. गिऱ्हाइकाने दोन पावले मागे जाऊन वाचले आणि सुरी परत मागितली.

(कीर्दवही उघडतात.)

यंदाची नोंद वाचतो. ‘अक्षरे’. पुढे ‘निरंक’ लिहून खोडलेले आहे. त्याखाली : ‘चहा, तीन कप. रुपये ३०. गुरुजी आले नसते तर २०.’

(वही मिटतात. अंधार.)