राखणेक ससो?

1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, ट्रॉलर बंदरात विसावतात आणि 31 जुलैपर्यंत मालवणी माणसाचा संसार कोंबडीच्या पंखाखाली जातो. त्यात आषाढ, त्यात गटारी. कोंबडीचा भाव चढू लागला की बाजारात दोन माणसं हमखास दिसतात. एक उधारी मागणारा आणि दुसरा सशाचं रंगीत पत्रक वाटणारा.

पत्रकात न्यूझीलंड व्हाइट असतो, सोव्हिएत चिंचिला असतो. सोव्हिएत संघ 1991 सालीच संपला, पण त्याचा ससा अजून गुंतवणूकदार शोधतोय. तरी पत्रकाला खोटं म्हणता येत नाही. मादी महिन्याभरात विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं देते, तीन महिन्यांत पिल्लू दोन किलोवर जातं. मांस पांढरं, प्रथिनं भरपूर, चरबी नावाला. आता ज्या ताटात तेलात फुगलेले वडे आणि भाजल्या खोबऱ्याचं वाटप आहे, त्या ताटातली चरबी कोंबडी बदलून कमी करायची, हा विचार मुंबईहून आलेल्या पाहुण्यालाच सुचू शकतो.

सशाच्या बाजूचा खरा मुद्दा पत्रकात नाहीच. सशाला तंगड्या चार! कोंबडीच्या दोन तंगड्यांवरून आपल्याकडे जेवढे मानापमान झाले, तेवढे आंब्याच्या कलमांवरूनही झाले नसतील. एक जावयाला, दुसरी घरच्या थोरल्याला, आणि धाकटा जन्मभर मानेवर समाधानी. सशाने हा प्रश्न एका पातेल्यात सुटतो. ससेपालनाला अनुदान द्यायचंच असेल, तर ते कौटुंबिक सलोख्याच्या खात्यातून द्यावं.

पण घोडं अडतं ते देवापाशी. पत्रक वाटणारा हा माणूस एका घराच्या खळ्यात गेला. तिथल्या आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मेल्या, राखणेक ससो देतलंस? आणि तो आरवतलो कसो?" यावर पत्रकात काही छापलेलं नव्हतं. गावाची राखण करणाऱ्या देवचाराला राखणेचा कोंबा ठरलेला. गावकराने उभं राहून "ह्या वर्सा कोंब्याच्या जाग्यार ससो गोड मानून घे रे म्हाराजा" असं गाऱ्हाणं घातलंच, तरी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला एक जण पुढे येणार नाही. देवचार रागावेल ही भीती वेगळीच. राखणेचा प्रसाद कमी पडेल ही भीती मोठी.

राहिला स्वयंपाक. मसाला आणि वाटप नीट असेल तर मालवणी पातेल्यात काहीही खपतं, असा एक गैरसमज आहे आणि तो मालवणी माणसानेच पसरवला आहे. सशाला कातडीखालची चरबी नाही, त्यामुळे रश्श्यावर यायची ती तर्री येत नाही. कुकरची एक शिट्टी जास्त झाली की मांसाचा दोरा होतो आणि बारीक हाडं दातांशी वाद घालतात. माल्टा बेटावर सशाचा रस्सा राष्ट्रीय पक्वान्न मानतात, स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या पाएल्यात ससा आणि कोंबडी एकत्र नांदतात. ते लोक मंद आचेवर तासन्‌तास थांबतात. आपल्याकडे वडे तळून झाले की पुरुषमंडळी पानावर बसलेली असतात.

सरकारने मनावर घेतलं तर? व्हेनेझुएलाच्या सरकारने घेतलं होतं. 2017 साली मादुरो यांच्या राजवटीत अन्नटंचाईवर उपाय म्हणून गरीब वस्त्यांत सशाची पिल्लं वाटली. काही दिवसांनी अधिकारी पाहणीला गेले, तर लोकांनी सशांना रिबिनी बांधल्या होत्या, नावं ठेवली होती, काहींनी तर कुशीत घेऊन झोपवलं होतं. मंत्र्यांना जाहीरपणे सांगावं लागलं की ससा म्हणजे पाळीव खेळणं नव्हे, अडीच किलो मांस आहे. आपल्याकडे वेगळं काय होणार? कोंब्याला कोणी नाव ठेवत नाही, कारण त्याची तारीख ठरलेली असते. सशाचं बारसं मात्र मुलं पहिल्याच संध्याकाळी उरकतील. आणि रानातल्या सशाकडे तर बघूही नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे. शिमग्याच्या पारधीच्या गोष्टी आजोबांकडून ऐकाव्यात, करून दाखवू नयेत.

शिवाय ससा थंडीतला जीव. देशी संशोधन केंद्राने सशांसाठी जागा निवडली ती कोडाईकनालच्या डोंगरातल्या मन्नवनूरला. आमच्या मे महिन्यात माणूस पंख्याखाली पडून असतो. नर ससा तर उष्म्याने संसारातूनच लक्ष काढून घेतो.

एवढं असूनही पत्रकवाल्याची योजना चालते, कारण तिला खाणारा लागतच नाही. ससा विकायचा असतो तो पुढच्या पाळणाऱ्याला, आणि त्याने त्याच्या पुढच्याला. मग "आम्हीच परत विकत घेऊ" हा करार. तमिळनाडूत पेरुंदुराईचा ईमू 2012 साली असाच बुडाला, 2019 साली इस्लामपुरातून कडकनाथ उडाला. ईमू काय, कडकनाथ काय, दोघांनाही बाजारापेक्षा कोर्टाचीच वाट अधिक पाठ झाली. ब्रॉयलरवर मात्र असा करार करून लाखोंची स्वप्नं कोणी विकत नाही, कारण ती दर रविवारी खरोखरच शिजते.

तेव्हा मंडळी, सशाच्या करारावर सही करण्याआधी एजंटाला फक्त विचारा, गेल्या रविवारी तुमच्या घरी काय शिजलं होतं? कोंबडी म्हणाला तर पेन खिशात ठेवा. ससा म्हणाला, तर त्याच्या बायकोला फोन लावून खात्री करून घ्या.