मीच बघतो

दुसऱ्या कुठल्याही शाखेत "हे काम कोणाकडे?" म्हणून विचारलं, की लोक कुठल्यातरी टेबलाकडे बोट दाखवतात. आमच्याकडे केबिनकडे दाखवत. पत्ता बदलायचाय? केबिन. लॉकर उघडायचाय? केबिन. पासबुकाचा प्रिंटर अडकलाय? तरीही केबिनच. आणि खरंच साहेब बाहेर येत, बाह्या सरसावत आणि प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालत. प्रिंटर सुरू होईच असं नाही, पण शाईने माखलेले हात रुमालाला पुसत ते म्हणत, "आता मी बघितलंय." यावर प्रिंटरची काय बिशाद पुन्हा तक्रार करायची!

तालुक्याच्या गावातली सरकारी बँकेची शाखा ती, आणि मी तिथला हेड कॅशियर. तिजोरी एका चावीने उघडत नाही, हे बँकेत काल लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. एक चावी माझ्याकडे असे. दुसरी खरं तर अकौंटंट मॅडमकडे असायची, पण ती साहेबांनी "सध्यापुरती" स्वतःकडे घेतली होती, आणि ते सध्या काही संपत नव्हतं. माझ्याकडची चावी त्यांना फार सलायची. एकाच माणसाने दोन्ही चाव्या बाळगायच्या नाहीत हा नियम कोणी केला असेल, याचा ते कधीकधी शोक करत. संध्याकाळी मी एसटी स्टँडवर पोचतो न पोचतो तोच फोन यायचा, "चावी आहे ना हो?" आहे म्हटलं तर म्हणत, "नुसतं म्हणू नका, खिशात हात घालून बघा."

असाच दुसरा शत्रू म्हणजे संगणक. बँकेत नोंद एकाने करायची आणि मंजूर दुसऱ्याने करायची, याला मेकर आणि चेकर म्हणतात. दोन्हींना एकच माणूस असेल तर संगणक सरळ नकार देतो. साहेबांनी नियम न मोडता तोड काढली. ते काउंटरवरच्या पोराच्या खुर्चीमागे उभे राहत आणि सांगत, "रक्कम टाका. शून्य मोजा. आणखी एक. आता एंटर दाबा." मग लगबगीने केबिनमध्ये जाऊन स्वतःच सांगितलेली नोंद चष्मा पुसून, शंकेखोर चेहऱ्याने तपासत आणि मंजूर करत. ऑडिटरला कागदावर दोन माणसं दिसत. आम्हाला एकच दिसे.

गंमत म्हणजे बँकेतले अधिकार कोणाला किती, याचं सगळं पुस्तकच छापलेलं असतं. कोणत्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने किती रकमेचं कर्ज मंजूर करायचं, किती खर्च पास करायचा, सगळं त्यात असतं. साहेबांना ते तोंडपाठ होतं. शेजारच्या शाखांचे मॅनेजर फोन करून त्यांना विचारत. पण ते अधिकार मुंबईच्या मुख्य कार्यालयातून निघत, विभागीय कार्यालयात चहा घेत, आमच्या गावी येत आणि साहेबांच्या टेबलाशी येऊन कायमचा मुक्काम ठोकत. पुढे जात नसत.

तसं काम ते देत नसत असं नाही. देत, आणि फार समारंभाने देत. "ही जबाबदारी आता तुमची. मी विचारणारसुद्धा नाही." हे साडेदहाला. पावणेअकराला विचारत, "झालं का?" अकराला, "कुठपर्यंत आलंय?" सव्वाअकराला मागे येऊन उभे राहत आणि साडेअकराला म्हणत, "द्या इकडे, मीच बघतो." कृषी अधिकाऱ्याला पीककर्जाच्या पाहणीला शेतावर पाठवत. तो पोरगा बिचारा सातबारा घेऊन फटफटीवरून धुरळा खात पोचे, तेव्हा शेतकरी बांधावर फोन कानाला लावून उभाच असे. "हां साहेब, आले आले. ऊसच दाखवतोय. द्येऊ का त्यांच्याकडं?"

बाहेरच्यांना वाटे, हा माणूस संशयी. तसं मुळीच नव्हतं. स्वतःचं एटीएम कार्ड पिनसकट ते दफ्तरीमामांच्या हातात देत (हेही नियमात बसत नाही, पण ते असो). त्यांचं दुखणं वेगळं होतं. क्लार्क म्हणून लागलेला हा माणूस कामात वाघ होता. लेजरच्या जमान्यात बॅलन्स जुळत नसला की आजूबाजूच्या शाखा त्यांना बोलावून नेत आणि ते रात्री दहाला तेवीस पैशांचा फरक शोधून देत. या हातगुणापायी बढती मिळाली, आणखी एक मिळाली. आणि बढती म्हणजे तेच काम हातातून सोडणं, हे कोणी त्यांना सांगितलंच नाही. दुसऱ्याने केलेलं काम दुसऱ्याच्या पद्धतीचं होतं, याचा त्यांना खराखुरा त्रास व्हायचा. व्हाउचरला टाचणी तिरकी दिसली तरी त्यांचं जेवण गोड लागत नसे.

आमचंही सांगितलं पाहिजे. आम्ही अकरा माणसं काही भोळी नव्हतो. शेवटी "मीच बघतो" असंच होणार असेल, तर आपण आधी कशाला बघा? हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनात मांडला होता. अवघड ग्राहक आला की त्याला आदराने केबिनचा रस्ता दाखवायचा. विभागीय कार्यालयाचं पत्र आलं की "साहेब, तुमच्यासारखं ड्राफ्टिंग आम्हाला नाही जमत" म्हणायचं. साहेब खुलत आणि आम्ही साडेपाचची गाडी पकडत असू. रात्री आठला शाखेत एकच दिवा दिसे. त्या दिव्याखाली बसून साहेब घरी फोन करत, "या बँकेत काम करणारा मी एकटाच आहे गं."

मग बँकेने त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे त्यांना माकडाची गोष्ट शिकवली. 1974 साली विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास या दोघांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. जगभरच्या मॅनेजर लोकांना आजही तो वाचायला लावतात. त्यांचं म्हणणं असं : प्रत्येक काम म्हणजे एक माकड. हाताखालचा माणूस "साहेब, एक अडचण आहे" म्हणत येतो, साहेब "बरं, बघतो" म्हणतात आणि त्या क्षणी माकड उडी मारून साहेबांच्या खांद्यावर येतं. संध्याकाळपर्यंत साहेबांच्या अंगावर वानरसेना. साहेबांना गोष्ट अतिशय पटली. परत आल्यावर त्यांनी मीटिंग बोलावली, दीड तास माकड समजावलं, फळ्यावर माकड काढलं आणि यापुढे प्रत्येकाने आपापलं माकड सांभाळायचं असं ठरवलं. मीटिंगचा वृत्तांत कोण लिहिणार, असं अकौंटंट मॅडमनी विचारलं. साहेब म्हणाले, "राहू द्या, मीच लिहितो. माकडाचं नीट आलं पाहिजे."

जे हार्वर्डला जमलं नाही ते रिझर्व्ह बँकेने केलं. जुलै 2021 मध्ये तिने बँकांना नव्याने बजावलं, की जोखमीच्या पदांवरच्या माणसांना दरवर्षी सलग किमान 10 कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यायची. तीही आधी न कळवता, अचानक. त्या काळात त्याने शाखेत पाऊल टाकायचं नाही, संगणकावरून कामात डोकवायचं नाही. सर्वांसाठी असते ती ऑफिसची ईमेल तेवढी बघायला मोकळी. हेतू असा, की माणूस बाजूला झाला म्हणजे त्याने काही लपवलं असेल तर उघडं पडावं. कोणतं पद जोखमीचं ते बँकेने ठरवायचं. आमच्या बँकेच्या यादीत शाखाधिकारी होता.

एका सोमवारी पत्र आलं. साहेबांनी ते तीनदा वाचलं, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि विचारलं, "मग बघणार कोण?" या प्रश्नाचं उत्तर पत्रात नव्हतं. तिजोरीची चावी अकौंटंट मॅडमच्या हातात देताना त्यांनी ती दोनदा परत घेतली. रजिस्टरवर सही मात्र एकदाच केली.

घरी त्यांनी पहिल्या दिवशी मसाल्यांच्या डब्यांना अनुक्रमांक दिले. दुसऱ्या दिवशी सिलिंडरचं रजिस्टर घातलं. तिसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन, "अहो भाऊजी, हा नियम काही करून मोडता येत नाही का?" वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चौथीचा वर्ग आणि पटावर चाळीसच्या वर पोरं. पण हजेरीला एक मुलगी, पाण्याच्या पिंपाला एक मुलगा, फळ्याला एक, असा कारभार बिनबोभाट चालायचा. साहेबांनी एकदा कुत्सितपणे विचारलं होतं, "पोरं फळा नीट पुसतात?" वहिनी म्हणाल्या, "नाही. वरची ओळ राहते. हात पुरत नाही त्याचा. म्हणून काय डस्टर काढून घेऊ?" साहेबांना तेव्हा हे विनोदी वाटलं होतं.

शाखेत त्या दहा दिवसांत काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. तिसऱ्या दिवशी लिंक गेली आणि दुपारी आली. एक कर्जप्रकरण मॅडमनी आपल्या अधिकारात मंजूर केलं, तसं करता येतं हे त्यांना पुस्तकात वाचून कळलं. कृषी अधिकारी शेतावर गेला, तेव्हा त्याला ऊस स्वतः शोधावा लागला. पासबुकाच्या प्रिंटरला कोणी हात घातला नाही; कंपनीचा माणूस बोलावला आणि त्याने तो दहा मिनिटांत सुरू करून दिला.

साहेब परतले तेव्हा शाखा उभी होती, ही गोष्ट त्यांना लागली असावी. दिवसभर ते व्हाउचरं उलटत बसले. चारच्या सुमाराला केबिनमधून आनंदाचा हुंकार आला. एका व्हाउचरवर शिक्का उलटा पडला होता. त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांच्याकडून.

पुढे ते सुधारले का? थोडे. तिजोरीची चावी मॅडमकडेच राहिली, स्टेशनरीचं कपाट दफ्तरीमामांकडे गेलं. "झालं का?" पावणेअकराऐवजी दुपारी येऊ लागलं. निवृत्तीच्या निरोपसमारंभाची शाल, नारळ आणि बटाटेवडे मात्र त्यांनी स्वतः आणले, कारण आम्ही ठरवलेल्या दुकानात वडे दोन रुपयांनी महाग होते. बिलही त्यांनीच पास केलं.

तुमच्याही ऑफिसात असे कोणी असतील. त्यांना लेख वाचायला देऊ नका, भाषणाला पाठवू नका, सरळ दहा दिवस रजेवर घालवा. रजेच्या अर्जाचा मसुदा तेवढा त्यांनाच करू द्या. तुमचा त्यांना पसंत पडायचा नाही.