देवाच्या निवृत्तीचा प्रस्ताव

डॉ. श्रीराम लागूंनी ‘देवाला रिटायर करा’ असं म्हटलं, तेव्हा पुष्कळ भाविकांना राग आला. मला नाही आला. मी जन्मभर आस्थापना शाखेत बसलो. निवृत्तीचा प्रस्ताव आला की रागवायचं नसतं, कागद तपासायचे असतात. पहिला कागद जन्मतारखेचा, आणि देवाची इथेच पंचाईत. राम चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बाराला जन्मला, कृष्ण श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री. तिथी आहे, वेळ आहे, पाळणा आहे, सुंठवडा आहे. फक्त साल नाही. मग 58 वर्षं मोजायची कुठून? म्हणजे वयोमानानुसार निवृत्ती बाद. उरली सक्तीची. तिच्यासाठी कामाचा आढावा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला आमच्याकडे भाचा आहे.

भाचा खामगावात वाढला, पुण्यात नोकरी करतो, आणि सुट्टीत आला की देव नाही हे मला पटवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पोरगा गुणी. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या दाभोलकरांची पुस्तकं त्याने खरोखर वाचलेली आहेत, त्यामुळे आपल्यालाही तयारीने बसावं लागतं. “मामा, पुरावा दाखवा,” हे त्याचं पालुपद. सूर्याभोवती फिरणारी, कुठल्याच दुर्बिणीला न दिसणारी ती रसेलची चहाची किटली तो दर वेळी काढतो. किटलीचं नाव ऐकलं की मामी आतून विचारते, “ठेवू का घोटभर?”

माझं म्हणणं एवढंच की देवाचं मूळ पद वेगळं आणि आपण त्याच्या डोक्यावर टाकलेले अतिरिक्त कार्यभार वेगळे. नास्तिकांचे बहुतेक आक्षेप या कार्यभारांवर असतात, आणि ते बहुतेक बरोबर असतात.

आपलं लोणारच घ्या. बेसॉल्टमधला तो जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा कसा झाला, हे सांगायचं काम पूर्वी देवाकडे होतं. लवणासुर जमिनीखाली लपला होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. मग ज्वालामुखीवाले आले, तेही चुकले. 1973 साली शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकातल्या, प्रचंड आघातानेच तयार होणाऱ्या काचेवरून उल्कापात नक्की केला. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या, दैत्याचं रगत. प्रयोगशाळा म्हणाली, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. मी प्रयोगशाळेच्या बाजूने. तरी तिथल्या दैत्यसूदनाच्या देवळात गेलो की माझे हात जोडले जातात. भाच्याला ही विसंगती वाटते. पण असुराला पायाखाली घेऊन उभा असलेला देव बघताना मी काही खळग्याचा व्यास मोजत नसतो. आपल्या तालुक्यातला माजलेला एखादा कधीतरी असाच चीत व्हावा, एवढंच मनात येतं. नावंही येतात, पण ती इथे नकोत.

दुसरा कार्यभार भुतं उतरवण्याचा. आमच्याच जिल्ह्यात सैलानी बाबांच्या यात्रेत नारळांची होळी पेटते. दर्गा मुसलमान संताचा, गर्दी सगळ्यांची. ‘बाहेरचं’ लागलंय म्हणून आणलेली माणसं तिथे दिसली की भाचा मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर काढतो. काढावाच. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, आणि वटहुकूम निघाला तो 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर. वास्तविक आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे, असं ते गावोगाव सांगत. देवाच्या रक्षणासाठी माणूस मारावा लागतो असं ज्याला वाटतं, तो देवाची पदावनती करतो. नास्तिक बिचारा फक्त निवृत्ती मागत असतो.

इथवर आमचं जुळतं. मग भाचा हुकमाचं पान टाकतो. 2006 साली पंतप्रधानांनी शेतकऱ्यांसाठी पॅकेज दिलं, त्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आपला बुलढाणा होता. “एवढी माणसं गेली मामा, तेव्हा तुमचा देव काय करत होता?”

प्रारब्ध, पूर्वजन्म, परीक्षा ही उत्तरं मी कीर्तनांत ऐकली आहेत आणि ऐकताना मान खाली घातली आहे. कर्ज माणसांनी केलेलं, कापसाचा भाव माणसांनी पाडलेला, हे खरं असलं तरी वकिली उत्तर आहे. पाऊस काही माणसांनी थांबवला नव्हता. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा नवरा असाच गेला, फवारणीचं औषध घेऊन. बाई एकादशी मोडत नाहीत. भाच्याने एकदा त्यांनाच विचारलं. त्या सुपात तूर पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. फोलपटं पुढे उडत होती, दाणे मागे सरत होते. “त्याले म्या माफ नाई केलं अजून,” त्या म्हणाल्या, “पन भांडाले तं कोनी पायजे ना बाप्पा.” आणि सुपातला एक खडा टिपून अंगणात भिरकावला.

जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या. तुकोबांनी तर आपल्यापुरता देव मेल्याचं सांगून टाकलं, तेही नीत्शेच्या सव्वादोनशे वर्षं आधी. दोघांचं त्याच्याशी बोलणं मात्र बंद पडलं नाही. देवाचं मूळ पद बहुधा हेच असावं. “म्हणजे तक्रार ऐकून घ्यायची आणि करायचं काहीच नाही?” भाचा म्हणाला. “हे कसलं पद, मामा?”

“असं म्हणू नको,” मी म्हणालो, “त्याच पदावर माझी पेन्शन झाली.”

भाच्याच्या पंथातले थोर, बुद्धिवादी सुधारक गोपाळ गणेश आगरकर अकोल्याच्या शाळेतून 1875 साली मॅट्रिक झाले आणि पुण्याला गेले. 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात, म्हणजे तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातच, गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. ही गाठ थोडक्यात चुकली. आगरकरांनी नमस्कार केला नसता, हे नक्की. पण सोवळं न पाळणाऱ्या, कुणाकडे काही न मागणाऱ्या त्या माणसाशी त्यांनी वाद तरी कशावर घातला असता? तो ऐकायला मी तिकीट काढलं असतं. आमचा भाचाही शेगावला येतो, “व्यवस्थापन बघायला” म्हणून. पांढऱ्या कपड्यातल्या सेवेकऱ्याने “माऊली, पुढे चला” म्हटलं की मुकाट्याने पुढे सरकतो. बाहेर आल्यावर दोन कचोऱ्या खातो. कचोरीचा पुरावा तो मागत नाही.

आता सध्याचं प्रकरण भेंडवळचं. जळगाव जामोद तालुक्यात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घटमांडणी होते. गोलात 18 धान्यं, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, भजं, वडा. राजाच्या गादीसाठी विडा-सुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही, आणि पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघून वाघ घराण्यातले महाराज पाऊसपाणी सांगतात. हवामान खातं 1875 साली निघालं, त्याच दिवशी देवाला या कामातून कार्यमुक्त करायला हवं होतं. मामीला हे मान्य नाही. तिच्या माहेरी भेंडवळचं ऐकल्याशिवाय सरकी लावत नाहीत.

भाच्याने तोडगा काढला आहे. तो भाकीत महिनावार लिहून काढणार. मी तालुक्याच्या पावसाचे आकडे समोरच्या रकान्यात भरणार. मामीने दोघांना विचारलं, “अन् खरं निघालं तं?”

“योगायोग,” भाचा म्हणाला.

“अन् खोटं निघालं तं?”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, देवाच्या सेवापुस्तिकेत लाल शेरा मारायचा नाही. हा कार्यभार त्याने मागितलेला नव्हता.