डाव्या बाजूनं येते

मामाजी गाडीत बसले की आधी गाणं बंद होतं, मग एसी, मग गप्पा. काचा खाली होतात. मागच्या सीटवरचं पोर कुरकुऱ्यांची पिशवी फोडत असेल तर त्या कामालाही स्थगिती मिळते. चिखल्याच्या वस्तीतून गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत चार माणसं श्वास रोखून बसलेली असतात. पहिल्या खड्ड्यात चाक गेलं की मामाजी तर्जनी वर करतात.

"आयकला? खट्. डाव्या बाजूनं येते."

कोणालाच काही ऐकू आलेलं नसतं. तरी "हो जी" म्हणावं लागतं, कारण "नाही" म्हटलं की गाडी वळवून पुन्हा त्याच खड्ड्यातून नेली जाते.

ही जमात गावोगाव आहे. यांना गाडीची हौस असते असं समजू नये. गाडी धुतलेली नसते, सीटकव्हर फाटलेलं असतं, डॅशबोर्डवरचा गणपती कलता झालेला असतो, पण त्याची खंत नाही. यांना हवा असतो आवाज. एक मिळाला की वर्षभराची सोय होते. पाहुणा आला की त्याला चहाआधी आवाज ऐकवला जातो. गाडी तोंडानं वाजवून दाखवण्याची कलाही या लोकांनीच जिवंत ठेवली आहे. मामाजींच्या वाद्यवृंदात 'खट्', 'खड', 'ठक' आणि 'कुंईं' हे चार निरनिराळे आजार आहेत. 'खट्'ला कोणी चुकून 'ठक' म्हटलं तर ते शाळामास्तरासारखे थांबून दुरुस्त करतात.

या आवाजाला कारण झाला तो भाचा. तो पुण्याला नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी घाटात गाडी पळवतो आणि वळणावर गाडी किती कलते यावर तासभर बोलू शकतो. त्यानं दिवाळीला मामासाठी भेट आणली ती धोतरजोडी नव्हे, मिठाई नव्हे, तर जुन्या डिझेल हॅचबॅकला बसेल असा जाडजूड स्टॅबिलायझर बार. इंग्रजी मासिकं त्याला अँटी-रोल बार किंवा स्वे बार म्हणतात, तुमसरच्या गॅरेजात तो स्टेबलायझर रॉड. धानाच्या बांध्यांमधून नाकासमोर जाणाऱ्या या रस्त्यांवर गाडी वळणात झुकते अशी तक्रार तुमसर तालुक्यात तोवर कोणी केली नव्हती. पण भाच्याचं मन मोडवेना.

वस्तू तशी साधी आहे. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला पोलादी दांडा. मधला भाग दोन रबरी बुशांत धरलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडनं दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. वळणावर गाडी कलली की एक बाजू दबते, दुसरी उचलते. दांडा पिळला जातो आणि पिळाला विरोध करत गाडीला सरळ ठेवू पाहतो. या कल्पनेचं पेटंट कॅनडातल्या स्टीफन कोलमन या गृहस्थांना 1919 साली मिळालं. भाच्यानं आणलेला दांडा मूळच्यापेक्षा फक्त दोन मिलिमीटर जाड होता, 22 ऐवजी 24. मामीजींनी तो हातात घेऊन "एवढ्याशा फरकानं का होते गा?" असं विचारलं, तेव्हा भाच्यानं कागदावर हिशेब मांडला. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून दोन मिलिमीटरनं दांडा चाळीस टक्क्यांहून अधिक ताठ होतो. मामीजींनी कागद पाहिला आणि भाच्याला आणखी एक अनारसा वाढला.

मामाजींना पटवायला त्यानं मर्सिडीजची गोष्टही सांगितली. 1997 च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये एका मासिकाच्या पत्रकारानं नवीकोरी ए-क्लास रस्त्यात अचानक सांबर आडवं आल्यासारखी झटक्यानं डावी-उजवी वळवून पाहिली, आणि गाडी चक्क उलटली. जगभर बोभाटा झाला. कंपनीनं विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवून दिली. मामाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पन उलटाच्या आधी आवाज येत होता का?"

दांडा अंगणातच बसवला गेला. भाचा पुण्याला गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'खट्'चा जन्म झाला.

त्यानंतरच्या दिवसांत मामाजींनी जे केलं ते खरं तर कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावं असं होतं. आधी गतिरोधकावरून त्यांनी गाडी अगदी सरळ नेली, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी. आवाज जवळजवळ नाही. मग तोच गतिरोधक तिरका घेतला, एकेक चाक चढवत. खट्. दोन्ही चाकं बरोबर उचलली की दांडा बुशांत नुसता फिरतो, एकच उचललं की पिळला जातो. म्हणजे संशय दांड्यावर आणि लिंकवर. मग खड्ड्यातून जाताना ब्रेक किंचित दाबून पाहिला. आवाज कायम, म्हणजे ब्रेकपॅड निर्दोष. उभ्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. शांतता, म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग सुटलं. बुशांवर पाण्याची पिचकारी मारली. बुश कोरडं पडून करकरत असेल तर भिजल्यावर घडीभर गप्प होतं. पण करकर म्हणजे 'कुंईं', आणि हा तर 'खट्'. शेजाऱ्यानं सद्भावनेनं बैलगाडीच्या आसाचं ग्रीस आणून दिलं, ते मामाजींनी हात जोडून परत केलं. खनिज तेलाच्या ग्रीसनं रबर फुगतं, हे त्यांना ठाऊक होतं.

तपास असा चोख, आणि प्रत्येक पायरीनंतर निकाल एकच: "डाव्या बाजूनं येते."

सवय हाडात मुरली की स्थळकाळ राहत नाही. गायमुखला महाशिवरात्रीच्या यात्रेत, हजारो माणसांच्या "हर बोला महादेव"मध्ये ते मधेच थबकले होते, कारण कोणाचीतरी जीप जवळून गेली. घरी कुकरची तिसरी शिट्टी जरा फाटकी वाजली तर मामीजींना सांगितलं जातं की झाकणाची रिंग गेली, डाव्या बाजूनं. आणि पुतणीच्या लग्नातलं तर गाव अजून विसरलेलं नाही. पाठवणीची गाडी मामाजींची. पोर मागे बसून हुंदके देत होती, मांडवातल्या बायाही डोळे पुसत होत्या. गाडी वळणाला लागायच्या आत मामाजींनी मान मागे वळवली आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "बाई, नाल्याच्या पुलापर्यंत रडू नोको. तेथंच येते तो." नवरदेवाला वाटलं, ही इकडची रीत असेल. तोही श्वास रोखून बसला.

तुमसरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली की आवाज येत नाही, हा तर या जमातीचा शाप. त्यालाही कारणं आहेत. घरून गाडी निघते तेव्हा तिच्यात चार माणसं आणि धानाचं पोतं असतं, गॅरेजात ती रिकामी पोहोचते. वजन बदललं की लिंकचा कोन बदलतो, ताण बदलतो. मिस्त्री चक्कर मारतो ती पेट्रोलपंपासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर. परत येऊन म्हणतो, "मामाजी, गाडी लोण्यावानी आहे." मामाजी त्याच्याकडे असं पाहतात, जणू त्यानं त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडा उडवला.

शेवटी एकदा मिस्त्रीच पोत्यांसकट, माणसांसकट खड्ड्यांतून फिरून आला. त्यालाही ऐकू आलं. मग त्यानं रिवाजाप्रमाणे डाव्या चाकाची लिंक सोडली आणि पुन्हा चक्कर मारली. आवाज गायब. मामाजींनी गॅरेजात जमलेल्या सगळ्यांना चहा पाजला. नवी डावी लिंक बसली. नाल्याच्या पुलावर पुन्हा खट्.

इथे भल्याभल्यांची फसगत होते. दांडा दोन्ही टोकांना अडकलेला असेल तरच पिळला जातो. एक टोक सोडलं की दुसऱ्या टोकावरचाही भार जातो, आणि बिघाड कुठल्याही लिंकमध्ये असो, आवाज बंद होतो. डावी सोडून शांतता मिळाली, त्यावरून डावी दोषी ठरत नाही. पुढे डावं बुश बदललं, डाव्या बाजूच्या लोअर आर्मची रबरं बदलली. मामाजी पैसे मोजत गेले आणि आवाजाला जणू त्यातून खतपाणी मिळत गेलं.

उलगडा केला तो गॅरेजातल्या शिकाऊ पोरानं. गाडी पिटवर चारही चाकांवर उभी होती. दोघांनी ती वरून दाबून डोलवायला घेतली आणि हा खाली उतरून एकेका लिंकवर नुसता तळहात ठेवून बसला. कानानं ऐकायचं नाही, हातानं. थोड्या वेळानं खालून ओरडला, "उजवी!"

उजव्या लिंकचा नट. अंगणात बसवताना डावं चाक जमिनीवर होतं आणि उजवं जॅकवर लोंबत होतं. अशा वेळी दांडा पिळलेला असतो, बोल्ट छिद्रात तिरका बसतो, पाना कडक लागतो आणि हाताला वाटतं की काम झालं. दोन्ही चाकं एक तर जमिनीवर हवीत, नाही तर दोन्ही सारखीच लोंबती. मिस्त्रीनं नट सोडला, गाडी टेकवून पुन्हा आवळला. पाच मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत.

मामाजी परत येताना पूर्ण वाट गप्प होते. चारित्र्यावर शिंतोडा उडाला होता, आणि या वेळी तो पुसताही येत नव्हता. पुलावरून गाडी बिनआवाज गेली. घरी आल्यावर मामीजींनी जेवताना सहज सांगितलं, पोळी वाढता वाढता: "उजव्या कानानं आयकू येत नाही तुमाले. सांगत काहून नाही लोकायले?"

हे गावात थोड्याच जणांना माहीत होतं. मामाजी मॉइलच्या चिखला खाणीत मेट, म्हणजे मुकादम, होते. मॉइल म्हणजे पूर्वीची मँगनीज ओअर इंडिया, स्थापना 1962 ची, तिचं मूळ 1896 च्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातं. शेजारची डोंगरी बुजुर्ग उघडी खाण, आभाळाखालची. चिखल्याला जमिनीच्या पोटात उतरावं लागतं. तिथे ड्रिल मशीन बंद बोगद्यात चालतं, आणि त्या आवाजानं खाणकामगारांचे कान जातात ही जुनी गोष्ट आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात मामाजींच्या डाव्या कानाची रेघ थोडी उतरली आहे, उजव्याची पार तळाला गेली आहे. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांच्या फरकावरून ठरवतो. एका कानाशी तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो, थोडा मोठाही लागतो. एकच कान धड असेल तर सगळं जग त्याच बाजूला उभं राहून बोलतं. कुकर, जीप, पुतणीचा हुंदका, लिंक रॉड.

खाणीत मात्र हा एक कान पुरत होता. स्फोटानंतर कामगार आत सोडण्याआधी मेट सब्बल घेऊन छत ठोकत जातो. घट्ट खडक खणखणतो. थर सुटलेला असेल तर बद्द बोलतो, आणि तसा बोलला की तो आधी खाली पाडायचा, मगच माणसं आत. आवाज कुठून येतो हा प्रश्न तिथे नसतोच, तो डोक्यावरून येतो. कसा येतो तेवढं कळावं लागतं, आणि ते मामाजींना कळत होतं. त्यांच्या पाळीतले निवृत्त कामगार आज बाजारात भेटले की त्यांच्या 'खट्'ची कोणीही चेष्टा करत नाही. गाडीत बसवलं तर मुकाट्यानं बसतात, गाणं स्वतःहून बंद करतात आणि "हो जी" म्हणतात. नव्या पोरांना वाटतं म्हातारे भोळे आहेत.

दांड्यावरचा राग मामाजींनी सोडला आहे. स्प्रिंगच्या पोलादात थोडं मँगनीज असतं, टक्क्याच्या आसपास, हे भाच्यानं फोनवर सांगितल्यापासून तो दांडा चिखल्याच्याच मालाचा आहे अशी त्यांची खात्री झाली आहे. पुरावा काही नाही. मागितलेला त्यांना आवडत नाही.

तुमसरचा मिस्त्रीही आता शहाणा झाला आहे. अवघड आवाजाची गाडी आली की तो मामाजींना बोलावणं धाडतो. मामाजी मागे बसतात, खट् की खड की ठक ते सांगतात, आणि ते कधी चुकत नाहीत. बाजूही सांगतात. मिस्त्री मान डोलावतो आणि पोराला उजवीकडचं चाक उघडायला खुणावतो. उजवीकडे काही सापडलं नाही तर मग डावीकडचं.

गेल्या उन्हाळ्यात भाचा नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. या गाड्यांत इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे एरवी तिच्याखाली दडून जाणारं टायरचं, बुशाचं, सस्पेन्शनचं सगळं बोलणं उघडं पडतं. मामाजींना हे समजावून सांगावं लागलं नाही. गाडी फाटकाबाहेर निघताच त्यांचा चेहरा असा खुलला की मामीजींनी कपाळाला हात लावला. मैलभर ते काही बोलले नाहीत. मग तर्जनी वर गेली.

भाच्यानं पुण्याला पोहोचताच सर्व्हिसची वेळ घेतली. तिथल्या टापटीप मुलानं टॅबवर लिहून घेतलं: पुढून आवाज, खट्, डावी बाजू.

"पण बघताना उजव्या बाजूनं सुरुवात करा," भाचा म्हणाला.

"सर, तक्रार डावीची आहे ना?"

"हो. मामाची."