मान वर, पाय कुठे?

२१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या एअर शोमध्ये तेजस पडलं आणि इकडे लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळच्या टपरीवर चहाला उकळी यायच्या आत चौकशी अहवाल तयार झाला. "म्या असतो त वरच ओढलं असतं न भाऊ!" हे सांगणाऱ्याची फटफटी आदल्याच दिवशी चढावर बसली होती. त्या विमानात विंग कमांडर नमांश स्याल होते आणि ते गेले, हे व्हिडिओच्या चौथ्या फेरीला कुणाला तरी आठवलं.

यवतमाळला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान नाही. आमचा विमानाशी संबंध मान वर करण्यापुरताच. पाय कुठे आहेत, ते कोण बघतो?

दुबईत विमान गर्दीपासून लांब पडलं, प्रेक्षकांतलं कुणी मेलं नाही. याला नुसतं नशीब म्हणू नका. ६ सप्टेंबर १९५२ ला इंग्लंडात फार्नबरोला जॉन डेरींचं विमान लोकांकडे वळतानाच हवेत फुटलं आणि इंजिन टेकडीवरच्या गर्दीत येऊन पडलं. डेरी, त्यांचे सहकारी आणि २९ प्रेक्षक गेले. पट्टीवरचे तुकडे उचलले आणि खेळ पुढे सुरू! नियम मागाहून आले: कसरत गर्दीला समांतर करायची, विमानाचं नाक लोकांवर रोखायचं नाही, अंतर आणि उंची आधी ठरवायची.

यात विज्ञान फार नाही. शंकरपटात धुरकऱ्याच्या हातून कासरा सुटला, तर जोडी जिकडे तोंड तिकडे जाते. म्हणून तिच्या तोंडासमोर उभं राहायचं नसतं, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. जगाला दोनदा विसर पडला. १९८८ मध्ये जर्मनीत रामस्टाइनला इटलीच्या चमूची विमानं एकमेकांवर आदळली, त्यातलं एक पेटून लोकांत शिरलं, ७० गेले. २००२ मध्ये युक्रेनमध्ये ल्विवला ७७.

बरं, कुंपणाआतल्यांची सोय झाली. बाहेरच्यांचं काय? २०१५ मध्ये इंग्लंडात शोरहॅमला जुनं हंटर विमान पडलं ते थेट हमरस्त्यावर. ११ माणसं गेली, मैदानातलं एकही नाही. काही रस्त्याकडेला थांबून फुकटात बघत होते, काही तर नुसते आपल्या वाटेने चालले होते. हैदराबादला ३ मार्च २०१० ला नौदलाच्या सागर पवन चमूचं किरण विमान बोवेनपल्लीच्या वस्तीत इमारतीवर कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले.

वैमानिक बिचारे पुष्कळदा प्रेक्षक यायच्या आधीच जीव देऊन मोकळे होतात. वायुदलाच्या सूर्यकिरण चमूचं जुनं घर आपल्या सीमेवरचं बिदर. तिथे २००६ मध्ये दोघे गेले, २००९ मध्ये एक. २०१९ मध्ये बंगळूरला एअर शोच्या सरावातच याच चमूची दोन हॉक विमानं भिडली, साहिल गांधी गेले. चार दिवसांनी त्याच शोच्या पार्किंगमध्ये वाळलं गवत पेटलं आणि जवळपास तीनशे गाड्या जळाल्या. त्या गाड्या काही कोलांट्या मारत नव्हत्या.

आणि चेन्नई. ६ ऑक्टोबर २०२४, मरीना किनारा, वायुदलाचा एअर शो, अकरा ते एकचं ऊन, गर्दीचा आकडा लाखांत. विक्रमाच्या पुस्तकात नाव जावं म्हणून माणसं जमवलेली. सगळी विमानं सुखरूप परत गेली, एक खिळाही निखळला नाही. खाली मात्र पाच प्रेक्षक मेले. उन्हाने, गर्दीने, प्यायला पाणी नाही म्हणून. विमानाने माणसापासून किती लांब राहावं हे फुटाफुटाने लिहून ठेवलंय. माणसापासून पाणी किती लांब असावं, ते कोणत्या कलमात येतं?

"आपल्याकडं शो झाला त म्या पाण्याच्या टाकीवर चढून पाहीन," फटफटीवाला म्हणाला.

टाकीत पाणी असतं का, विचारलं.

"कधीमधी. पन शिडी पक्की आहे न."