शिकून मोकळे झालेल्यांची थोरवी

लग्नाच्या बायोडाटात शिक्षणासाठी एकच ओळ राखलेली असते, त्यात पूर्वजांचं शहाणपण आहे. पदवी लिहायची, विद्यापीठ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पन्नाशीच्या गृहस्थानं एखाद्या फॉर्मवर त्या जागी ‘चालू आहे’ असं लिहिलं, तर समोरचा कारकून आवाज खाली आणून विचारतो, ‘किती विषय राहिले?’ असं असूनही हल्ली ‘आयुष्यभर विद्यार्थी राहा, रोज काहीतरी नवं शिका’ हा उपदेश शुभ सकाळच्या फुलांबरोबर मोबाइलवर येऊन पडतो. ज्यांचं शिक्षण रीतसर पूर्ण झालं आहे, त्यांची बाजू मात्र कुणी मांडत नाही. ते काम मी पत्करलं आहे. त्यासाठी काही वाचन केलेलं नाही. केलं असतं तर विषयाशी बेइमानी झाली असती.

शिकून मोकळा झालेला माणूस पाहायला नागपुरात फार हिंडावं लागत नाही. कुठल्याही पानठेल्यावर जाऊन उभं राहावं. खर्रा घोटून हातात पडेपर्यंत जामठ्याची खेळपट्टी, रिझर्व्ह बँकेचे व्याजदर आणि मेट्रोचा जमाखर्च हे तिन्ही विषय निकाली निघालेले असतात. संत्र्याचंच घ्या. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकापासून डिंक्या, कोळशी आणि फळगळ यांच्या मागे आहेत, आणि त्यांचं काम अजून संपलेलं नाही. तोच प्रश्न ठेल्यावर विचारून पाहा. ‘काही नाही भाऊ, माती पहिलेसारखी नाही रायली,’ या एका वाक्यात काटोलपासून वरुडपर्यंतच्या सगळ्या बागा आटोपतात. शिक्षण पूर्ण झाल्याशिवाय हा वेग येत नाही.

शिकत राहण्याचा पहिला तोटा असा की माणसाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ असं निघू लागतं. ते एकदा निघालं की घरात वजन राहत नाही. ज्याच्या सहीवाचून एक फाइल हलत नसे, असा निवृत्त अधिकारी हौसेनं तबल्याच्या क्लासला जातो, आणि शेजारी बसलेला तिसरीतला पोरगा त्याला सांगतो, ‘आजोबा, बोट असं नाही, असं.’ ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात तर ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळाच निघाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, दप्तर-पाटी घेऊन मुळाक्षरं गिरवायला बसल्या, आणि शिकवायला गावातलीच एक सून. चहात साखर किती घालायची हे सुनेला सांगण्यात जिचा जन्म गेला, त्या सासूची पाटी आता सून तपासणार. कुटुंबव्यवस्था टिकायची कशी?

नागपूरकरांना धडा घ्यायला इतक्या लांब जायचं कारण नाही. आपल्याकडे श्रीकांत जिचकार होऊन गेले. काटोल तालुक्यातले, १९५४ चा जन्म. एमबीबीएस झाले, एमडी झाले. नागपुरात डॉक्टरानं इथवर आलं की धंतोलीत नाही तर रामदासपेठेत दवाखाना टाकायचा असतो. पुढचं शिकणं आपोआप थांबतं. यांनी कायदा केला, कायद्यात पदव्युत्तर केलं, व्यवस्थापन केलं, पत्रकारिता केली, आणि मग समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र अशी एम.ए.ची रांगच लावली. संस्कृतही सोडलं नाही. १९७३ ते १९९० या काळात विद्यापीठाच्या ४२ परीक्षा आणि वीस पदव्या, असा हिशेब त्यांच्या नावावर सांगितला जातो. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन हंगामांत होतात, आणि नागपूरचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. कूलरसमोर आडवं व्हायच्या दिवसांत हा माणूस हॉल तिकीट घेऊन निघायचा. मधल्या काळात आयपीएस मिळवून सोडलं, आयएएस मिळवून सोडलं आणि १९८० साली आमदार झाले. आमदार झाल्यावर तरी शिकणं सोडावं, एवढा संकेत महाराष्ट्रात आहे. तोही त्यांनी पाळला नाही. २ जून २००४ ला कोंढाळीजवळ अपघातात गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. शिक्षण पूर्ण करायचं राहूनच गेलं.

अशा माणसाचं करायचं काय, हे मात्र या शहराला बरोबर कळलं. आपण त्यांचा अभिमान बाळगला. अभिमानाला अभ्यासक्रम नसतो, हजेरी लागत नाही आणि फेरपरीक्षेची भीती नाही. पुण्याचा कुणी फार बोलू लागला की ‘देशातला सर्वात जास्त शिकलेला माणूस आमचा होता,’ असं ऐकवायचं आणि तर्री-पोह्यांची दुसरी प्लेट मागवायची. वीस पदव्या एकट्यानंच घेऊन ठेवल्यामुळे शहराची सरासरी वाढली, उरलेल्यांवरचा बोजा उतरला. त्यांच्यावरचा मजकूर अजूनही मोबाइलवर फिरतो. तो पुढे पाठवणारे किती आणि त्यातल्या एका तरी विषयाचं पुस्तक उघडणारे किती, हे काढायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरं उदाहरण थोर आहे, म्हणून हात जोडून सांगतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. धम्मदीक्षा घेतली ती नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधे एकवीस वर्षं. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी एवढं पदरात असल्यावर न वाचता मत देण्याचा अधिकार माणसाला केव्हाच मिळालेला असतो. तो त्यांनी वापरलाच नाही. धर्मांचा अभ्यास करत राहिले, पाली शिकले, पालीच्या शब्दकोशाचं काम अंगावर घेतलं. प्रकृती साथ देत नव्हती, तरी ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बुद्ध आणि धम्मावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी वाचायला मागवून घेतले. ती त्यांची शेवटची रात्र होती. आपण बाकीचे धर्माबद्दलचं मत पाळण्यातच पक्कं करून घेतो. तेच ठरवायला कुणी एकवीस वर्षं घालवावीत, हे आमच्या हिशेबात बसत नाही.

आणि ही सवय एका माणसापाशी थांबत नाही. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि तिथे मोठी बाजारपेठ कशाची, तर पुस्तकांची. गर्दीतून माणसानं फुगे, बांगड्या, फार तर संत्रा बर्फी घेऊन परतावं. इथे रोजमजुरीवर जगणारी माणसं राज्यघटना आणि चरित्रं पिशवीत भरून रेल्वेच्या जनरल डब्यात चढतात. पुढे ही पुस्तकं घरातली पोरं वाचतात, मग प्रश्न विचारू लागतात, आणि त्या प्रश्नांचा त्रास गावातल्या पूर्ण शिकलेल्यांना होतो. याची कुठे दाद ना फिर्याद.

आमच्या बाजूनं एक भक्कम पुरावा आहे, तो इथे देतो. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं आणि २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराजांची शाळा प्राथमिक वर्गांतच सुटलेली. म्हणजे शाळेवाचून अडत नाही, हे विद्यापीठानंच फाटकावर लिहून ठेवलं आहे. यावर काही लोक आडवं लावतात. म्हणतात, शाळा सुटली पण शिकणं सुटलं नाही. महाराज खंजिरी घेऊन गावोगाव हिंडले, शेती, सफाई, आरोग्य, माणसांची भांडणं असं सगळं पाहत-समजून घेत गेले, म्हणून ‘ग्रामगीता’ लिहू शकले. हा मुद्दा मी विचारात घेतलेला नाही. घेतला असता तर मत बदलावं लागलं असतं.

संस्थांमध्ये आदर्श म्हणाल तर आपलं सरकार. १९५३ च्या नागपूर कराराला धरून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं. विकासाचा अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती नेमली, पुढच्या वर्षी तिचे आकडे आले. २०११ साली केळकर समिती नेमली, तिचाही अहवाल आला. शिकायचं ते सगळं छापून कपाटात ठेवलेलं आहे. तरी डिसेंबरच्या थंडीत विदर्भ मागे असल्याचं सभागृहाला असं कळतं, जणू ते त्याच सकाळी पहिल्यांदा कुणी सांगितलं असावं. मागचं डोक्यात राहिलं असतं तर एवढा धक्का दरवर्षी बसला असता का?

ज्यांना शिकल्यावाचून राहवतच नाही, त्यांचीही सोय झाली आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा असते. वक्ता कोट घालून येतो, ‘ग्रोथ माइंडसेट’ हा शब्द सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेतो, मग जेवण होतं, मग प्रमाणपत्र. घरबसल्या हवं असेल तर ऑनलाइन कोर्स आहेत. व्हिडिओ दुप्पट वेगानं लावून भाजी निवडावी. शेवटी चार पर्यायांचे प्रश्न येतात. चुकले तर पुन्हा, जमेपर्यंत. प्रमाणपत्र लिंक्डइनवर चढवलं की ओळखीचे लोक अभिनंदन करतात आणि त्यातले काही तोच कोर्स विकत घेतात. शिकणाऱ्याचा सगळा मान मिळतो आणि आधीचं एकही मत जागचं हलत नाही. पालथ्या घड्यावरच्या पाण्याला लोकांनी उगाच नावं ठेवली. पालथा आहे म्हणून तर घडा आतून कोरडा राहतो.

तेव्हा विद्यापीठाला माझी नम्र सूचना आहे. पदवीबरोबर प्रत्येकाला ‘ज्ञानपूर्तीचा दाखला’ द्यावा. दाखलाधारकाला पुढच्या आयुष्यात पुस्तक वाचायला, मत बदलायला किंवा ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ असं म्हणायला कुणी भाग पाडू नये. टीव्हीवरच्या चर्चेत, सोसायटीच्या सभेत आणि पानठेल्यावर त्याला तज्ज्ञ म्हणून बसता यावं. पात्रता कशी ठरवायची, एवढीच अडचण आहे. परीक्षा घ्यावी, तर लोक अभ्यास करतील, आणि अभ्यास करताना एखाद्याला गोडी लागली की योजना बुडाली. मुलाखत घ्यावी, तर ती घेणाऱ्याला विषय माहीत असावा लागतो, आणि विषय जितका कळत जातो तितका माणूस खात्रीनं बोलेनासा होतो. म्हणून दाखला सरसकट द्यावा, अट एकच ठेवावी. अर्जाच्या तळाशी ‘काही शंका असल्यास’ असा एक रकाना असेल, तो कोरा हवा. जो त्यात एक अक्षरही लिहील, त्याचा अर्ज फेटाळावा आणि त्याला येत्या उन्हाळी परीक्षेला बसवावं.